ऋतु, सण आणि वस्त्रें

गेल्या नवरात्रांतील गोष्ट आहे. शनिवारचा दिवस होता. सहावीच्या वर्गांत हजेरी घेत असतां एक मुलगी गैरहजर आढळली. ती सहसा शाळा चुकवीत नाहीं, म्हणून सोमवारीं तिला जवळ बोलावून कारण विचारलें. ‘‘सर, पोटांत दुखत होतें,’’ एवढेंच ती बोलली आणि खालीं पाहूं लागली. मधल्या सुटींत तिच्या मैत्रिणीनें खरी हकीकत सांगितली. नवरात्राच्या नऊ दिवसांस नऊ रंग ठरलेले असतात. त्या त्या दिवशीं त्या त्या रंगाचे कपडे घालून यावयाचें, असें वर्गांतील मुलींनीं आपसांत ठरविलें होतें, आणि तेवढ्या दिवसांपुरती गणवेशाची शिस्त आम्हीं शिक्षकांनींही सैल सोडली होती. शनिवारचा रंग करडा होता. करड्या रंगाचें वस्त्र त्या मुलीच्या घरांत कोणाजवळच नव्हतें.

ही गोष्ट मनांत घोळत असतांनाच मीं वर्गांत एक प्रश्न केला. नऊ रंगांची ही चाल किती जुनी असेल? कोणी म्हणालें, शिवाजी महाराजांच्या काळापासूनची. कोणी म्हणालें, पुराणांत सांगितलेली. वास्तविक ही चाल त्या मुलांच्या आईबापांहूनही वयानें लहान आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांनीं ती प्रचारांत आणिली. घटस्थापना ज्या वारीं येईल त्या वाराच्या रंगापासून आरंभ करावयाचा. रविवारचा नारिंगी, सोमवारचा पांढरा, मंगळवारचा तांबडा, बुधवारचा निळा, गुरुवारचा पिवळा, शुक्रवारचा हिरवा आणि शनिवारचा करडा. आणि उरलेल्या दोन दिवसांस गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांपैकीं दोन जोडावयाचे, एवढेंच तिचें शास्त्र. वृत्तपत्रांत बायकांचीं छायाचित्रें छापून येऊं लागलीं, आगगाडीच्या डब्यांत व कचेऱ्यांत एकाच रंगाचे थवे दिसूं लागले, आणि पाहतां पाहतां चाल रूढ झाली. मी तिची निंदा करीत नाहीं. एका डब्यांतील अनोळखी बायका सकाळच्या घाईंत एकमेकींच्या साड्यांकडे पाहून हंसतात, हें कांहीं थोडें नव्हे. परंतु त्या शनिवारच्या रिकाम्या जागेनें एक प्रश्न माझ्यापुढें उभा केला. सणाचा पोशाख म्हणून जो आपण मानतों, तो ठरवितें कोण? त्याचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें. भारतवर्ष मोठें आहे. मी महाराष्ट्रापुरतेंच बोलणार आहें, कारण तेवढेंच मला घरचें आहे.

पंचांगांतील वर्ष चैत्रांत सुरू होत असलें तरी शेतकऱ्याचें वर्ष मृगाच्या पावसानें सुरू होतें. म्हणून तेथूनच निघूं. आषाढांत कोंकणांत व मावळांत भाताची लावणी चालते. लावणी करणारास कमरेंत वांकून दोन्ही हात चिखलांत घालावे लागतात. छत्री धरावयास तिसरा हात आणावा कोठून? म्हणून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर पळसाचीं किंवा तसलींच रुंद पानें बसवीत आणि तें इरलें डोक्यावरून पाठीवर घेत. आतां बहुतेक ठिकाणीं त्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदानें घेतली आहे. घांटावर हेंच काम घोंगडी करी. धनगरांनीं मेंढरें कातरावीं, सनगरांनीं लोंकर विणावी आणि चिंचोक्यांची खळ देऊन ती ताठ करावी, अशी ती तयार होते. लोंकरींत नैसर्गिक तेलकटपणा असल्यामुळें पावसाचे थेंब पुष्कळ वेळ वरच्यावर ओघळून जातात. शिवाय लोंकरीचा तंतु आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटांत घेऊनही हातास ओला लागत नाहीं, आणि ओल शोषून घेतांना थोडी उष्णता बाहेर टाकतो. भर पावसांत रानांत उभ्या असलेल्या गुराख्यास घोंगडींत ऊब कां वाटते, याचें उत्तर यांत आहे. या घोंगडीचा काळा रंग बहुधा मेंढराच्या अंगचाच असतो, रंगाऱ्याचा नसतो. काळ्या रंगाविषयीं पुढें बोलावयाचें आहे. तोंवर वाचकांनीं ही काळी घोंगडी ध्यानांत ठेवावी.

पावसाचा दुसरा एक परिणाम आपल्या सहसा लक्षांत येत नाहीं. ज्या दिवसांत सणांची रांग लागते, नेमका त्याच दिवसांत हातमाग अडतो. विणण्यापूर्वीं ताण्याच्या सुतास खळ द्यावी लागते. तिला पांजणी म्हणतात. मोकळ्या जागेंत किंवा रस्त्याच्या कडेला लांबच लांब ताणा पसरावयाचा, कुंच्यानें खळ चोपडावयाची आणि वाऱ्यावर व उन्हांत वाळवावयाचा. पावसांत तो वाळणार कसा? जुन्या पद्धतीच्या मागांत विणकर जमिनींतील खड्ड्यांत पाय सोडून बसतो. खड्ड्यांत पाणी झिरपलें कीं काम थांबलें. त्यांतून चातुर्मासांत लग्नें नसतात, म्हणजे मोठी खरेदीही नसते. पुष्कळ साळ्यांच्या, कोष्ट्यांच्या आणि मोमिनांच्या घरीं या महिन्यांत व्यापाऱ्याकडून उचल घेऊन चूल पेटत असे, आणि दसऱ्या-दिवाळीच्या मालांतून ती उचल फिटत असे. येवल्यास साधी पैठणी विणून व्हावयास कांहीं आठवडे लागतात. पदर व कांठ नक्षीनें भरगच्च असतील तर महिन्यामागून महिने जातात, कधीं वर्षही जातें. दसऱ्यास दुकानांत आपण ती उलगडून पाहतों, तेव्हां तिचा आरंभ बहुधा मागच्या कोणत्या तरी ऋतूंत झालेला असतो.

हातमागाचाच विषय निघाला आहे, तर इलकलच्या लुगड्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हें गांव कर्नाटकांत आहे; पण तेथील लुगडीं महाराष्ट्रांत घरोघर नेसलीं गेलीं आहेत. त्याच्या अंगाचा ताणा सुती आणि पदराचा ताणा तांबड्या रेशमाचा असा दोन तऱ्हेचा असतो, आणि हे दोन ताणे एकमेकांत फांसे अडकवून जोडलेले असतात. हा खटाटोप कशासाठीं? मला वाटतें, ज्या घरास सबंध रेशमी लुगडें परवडत नाहीं, त्या घरच्या बाईसही सणाच्या दिवशीं खांद्यावरून रेशीम घेतां यावें, यासाठीं. अंगाचें सूत घामास व धुण्यास सोसतें आणि पदराचें रेशीम चारचौघींत मान राखतें. याच भागांतील गुळेदगुड्ड येथील खणही असाच आपल्याकडे आला. चोळीस तर तो लागेच, शिवाय पाडव्याच्या गुढीस बांधावयास आणि ओटी भरावयासही तोच लागे. खण मागांवर विणणाऱ्याचें पोट आपल्या चैत्रावर व आपल्या श्रावणावर अवलंबून होतें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

श्रावणाच्या अखेरीस पोळा येतो. त्या दिवशीं नवीन पोशाख माणसांस मिळो वा न मिळो, बैलांस मिळतो. पाठीवर झूल, शिंगांस रंग व बेगड, कपाळावर गोंडे. मग भाद्रपदांत गौरींस लुगडें नेसवावयाचें. म्हणजे वस्त्राच्या रांगेंत बैल पहिला, देवी दुसरी आणि घरांतील माणसें तिसरीं. पेरणीनें घरची गंगाजळी आटलेली असते आणि पीक अजून शेतांत उभें असतें. अशा दिवसांत एका झुलीपुरता व एका लुगड्यापुरताच पैसा निघूं शकतो. हा क्रम कोणीं धर्मग्रंथ पाहून लाविला नसावा. घरांतील डबा पाहून लाविला असावा.

माणसांची पाळी दिवाळींत येते, कारण खरिपाचें धान्य तेव्हां घरांत आलेलें असतें. विदर्भांत याच सुमारास कापसाची वेचणी लागते. पहिल्या वेचणीच्या आरंभीं शेतांत सीतादहीचा विधि करून दहींभाताचा नैवेद्य दाखवितात. दिवाळीच्या नवीन कपड्याचें मूळ असें पिकांत आहे. पुढें गिरण्या निघाल्या. मुंबईस कापडाच्या गिरणीची पहिली कंपनी १८५४ सालीं उभी राहिली, आणि कालांतरानें गिरणगांवांत पिकाची जागा बोनसानें घेतली. आमच्या घरीं दिवाळी त्यामुळेंच येई. वडील गिरणींत कामास होते. बोनसाचे पैसे हातीं आले कीं ते एकच ठाण घेऊन येत आणि आम्हां चौघां भावंडांचे कपडे त्याच ठाणांतून बेतले जात. शिंप्यास आईची एकच सूचना असे, ‘‘वाढत्या अंगाचे शिवा हो.’’ त्यामुळें पहिलीं दोन वर्षें बाह्या दुमडून घ्याव्या लागत आणि तिसऱ्या वर्षीं तो सदरा अंगास नीट बसूं लागला, कीं धाकट्याकडे जाई. गल्लींतून आम्ही चौघे एका रांगेनें चाललों म्हणजे एकाच कापडाचे चार तुकडे चालले आहेत, असें लोक हंसत. आम्हांस त्याचें कांहींच वाटत नसे, कारण हंसणाऱ्यांच्या घरींही तसेंच एक ठाण आलेलें असे.

१९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. नोव्हेंबरांत दिवाळी आली तेव्हां संप चालूच होता. तो कधीं संपणार हें कोणासच ठाऊक नव्हतें. त्या दिवाळीस आईनें बाजारांतून गर्द निळ्या रंगाच्या पुड्या आणिल्या, पातेल्यांत पाणी उकळलें आणि आमचे जुने विटलेले सदरे त्यांत बुडविले. मीठ टाकून ढवळतांना तिचीं बोटें निळीं झालीं, तीं कित्येक दिवस तशींच होतीं. आम्ही तेच सदरे नवे म्हणून घातले. तेव्हां मी दहा वर्षांचा होतों. परवां त्या मुलीनें ‘‘पोटांत दुखत होतें’’ म्हणून सांगितलें, तेव्हां तिच्यावर रागावणें मला कां जमलें नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

सगळेच सण ऋतूशीं बांधलेले असतात असें मात्र नाहीं. मुसलमान बांधवांचें वर्ष केवळ चंद्रावर चालतें. तें सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान असल्यामुळें ईद दर वर्षीं तितकी अलीकडे सरकते, आणि सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा पुरी करते. ज्यानें लहानपणीं पहिली ईद थंडींत साजरी केली, त्यास तरुणपणीं ती वैशाखाच्या उन्हांत करावी लागते. म्हणून तेथें सणाच्या पोशाखाची तऱ्हा ठरली तरी कापड ऋतूप्रमाणें बदलावें लागतें. उलट नाताळ नेहमींच डिसेंबरच्या २५ तारखेचा. वसईकडील ख्रिस्ती बायकांचें जुन्या तऱ्हेचें लाल लुगडें अशा सणासुदीस पेटींतून बाहेर निघे.

आतां संक्रांतीकडे वळूं. मागेंच एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, ‘‘सर, एरवीं घरांत काळें घालूं देत नाहींत, मग संक्रांतीस तेंच काळें कां?’’ प्रश्न चांगला आहे. लग्नमुंजींत काळें वर्ज्य, औक्षणास काळें वर्ज्य, आणि नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीस मात्र सासरच्या मंडळींनीं हौसेनें चंद्रकळा घ्यावयाची. चंद्रकळा म्हणजे काळ्या पोताचें, तांबड्या किंवा जरीच्या कांठांचें लुगडें. लहान मुलाचें बोरन्हाण असेल तर त्याचेंही झबलें काळेंच.

याचें एक उत्तर सर्वांस पाठ आहे. काळा रंग सूर्याची उष्णता शोषून घेतो आणि संक्रांत थंडींत येते. हें उत्तर खोटें नाहीं; पण तें थोडें तपासून घेतलें पाहिजे. पुण्यास जानेवारींत पहांटेचें तपमान सरासरीनें ११-१२ अंश सेल्सियसपर्यंत उतरतें आणि दुपारीं तें ३० अंशांच्या घरांत जातें. म्हणजे जेव्हां खरी थंडी असते तेव्हां सूर्य नसतो, आणि सूर्य डोक्यावर असतो तेव्हां उबेची गरज नसते. अंधारांत काळें व पांढरें सारखेंच. तेव्हां काळ्या लुगड्याचा उपयोग सकाळच्या कोंवळ्या उन्हांत, अंगणांत निवडण-टिपण करीत बसलेल्या बाईस काय होईल तेवढाच. आणखी एक गंमत सांगतों. रखरखीत वाळवंटांत राहणारे बेदूइन लोक काळे झगे घालतात, हें कोडें सोडविण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं प्रत्यक्ष उन्हांत माणसास उभें करून मोजमापें घेतलीं. तो निबंध १९८० सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्याहून अधिक तापतो हें खरें ठरलें, पण ती अधिक उष्णता त्वचेपर्यंत पोंचतच नाहीं. सैल झग्याच्या आंतील व बाहेरील हवा ती घेऊन जाते. काळ्या झग्यांतील व पांढऱ्या झग्यांतील माणसास सारखीच उष्णता लागली. यावरून दिसतें कीं, नुसत्या रंगावरून ऊब ठरत नाहीं. कापड जाड कीं पातळ, अंगास लागून कीं सैल, वारा किती, या सर्वांचा हिशेब करावा लागतो. चोपून नेसलेलें लुगडें झग्याहून अंगास अधिक लागून असतें, म्हणून तेथें काळ्या रंगाची ऊब थोडीफार जाणवत असेल, इतपत मी कबूल करतों.

दुसरें उत्तर कोणी कोणी इतिहासांतून देतात. पानिपतची तिसरी लढाई १७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस झाली, तो संक्रांतीचा दिवस होता, आणि त्या शोकाचें काळें वस्त्र आपण अजून नेसतों, असें सांगतात. हें ऐकावयास हृदयस्पर्शी आहे, परंतु पंचांग त्यास साक्ष देत नाहीं. संक्रांत इंग्रजी तारखेशीं कायमची बांधलेली नाहीं. ती सुमारें ७० वर्षांस एक दिवस या गतीनें पुढें सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. २०२४ सालीं संक्रांत १५ जानेवारीस आली. याच हिशेबानें मागें गेल्यास १७६१ सालीं ती जानेवारीच्या १० किंवा ११ तारखेस पडते, लढाई त्यानंतरची. उत्तरायण म्हणून आपण संक्रांतीचा दिवस मानतों, पण दिवस मोठा होऊं लागतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून. तोही याच सरकण्याचा परिणाम आहे. विद्यार्थ्यांनीं कागद घेऊन हा हिशेब स्वतः करून पाहावा. भूगोलाच्या तासास उपयोगी पडेल. आणखी असें कीं, काळें जर शोकाचें असतें, तर तें नव्या सुनेस व तान्ह्या मुलास कोणीं घातलें असतें?

तिसरें उत्तर मला माझ्या आजीनें दिलें होतें आणि वय वाढत चाललें तसें तेंच मला अधिकाधिक पटूं लागलें आहे. ती म्हणे, ‘‘अरे, हलव्याचे दागिने उठून दिसावेत म्हणून.’’ हलवा पांढरा शुभ्र. तीळ किंवा खसखस परातींत घेऊन मंद निखाऱ्यावर ठेवावयाची, साखरेच्या पाकाचे थेंब थेंब सोडावयाचे आणि बोटांनीं हलवीत राहावयाचें. तास न् तास हलविल्यावर एकेका दाण्यास काटा येतो. हा काटा यावयास कोरडी थंड हवा लागते; दमट हवेंत पाक चिकट होतो आणि दाणे एकमेकांस धरतात. म्हणजे येथें दागिनासुद्धां ऋतूनेंच घडविलेला. या काटेरी पांढऱ्या दाण्यांची ठुशी, बाजूबंद, बिंदी हिरव्या किंवा पिवळ्या लुगड्यावर घालून पाहा आणि मग काळ्यावर घालून पाहा. दोघांत कोण जिंकतें हें कोणी सांगावयास नको. सोन्याचा एकही दागिना नसलेल्या घरची सून त्या एका दिवशीं दागिन्यांनीं मढून निघे, आणि दुसऱ्या दिवशीं ते दागिने मुलें खाऊन टाकीत.

हा काळा रंग पूर्वीं येई कोठून? हिरड्याच्या पाण्यांत कापड भिजवून वाळवावयाचें आणि मग लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाचें. दोहोंचा संयोग होऊन काळा रंग धरतो. निळीच्या पिंपांत पुन्हा पुन्हा बुडवूनही जवळजवळ काळा म्हणावा असा रंग आणतां येतो. लोखंडी काळ्यांत एक दोष आहे. तें लोखंड कालांतरानें सुतासच खातें. पुढें युरोपांत रसायनशाळेंतील रंगांचा शोध लागला. पर्किन यानें १८५६ सालीं पहिला कृत्रिम जांभळा रंग केला. १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडील निळीची शेती बसली. काळ्या रंगासाठीं गंधकाचे रंग आले. ते स्वस्त आणि पक्के असले तरी फार दिवस ठेवलेल्या कापडांत त्यांच्यापासून आम्ल तयार होतें आणि सूत कमजोर होतें. थोडक्यांत, जुनें काय किंवा नवें काय, स्वस्तांतलें काळें कापड विरावयाचें लवकर.

पोशाखाच्या तऱ्हेवर सणाची सत्ता किती चालते, याचें एक निराळें उदाहरण नऊवारी लुगड्याचें. नऊ वार कापड म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई इतकी झाली कीं १९४३ सालीं सरकारास कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. शहरांतील तरुण स्त्रिया गोल पातळाकडे आधींच वळल्या होत्या. टंचाईनें त्या वळणास जोर दिला. पुढें रोजच्या वापरांतून नऊवारी बहुतेक शहरी घरांत गेलें. तें टिकलें मंगळागौरींत, कारण फुगडी-पिंगा पांचवारींत नीट खेळतां येत नाहीं, आणि लग्नांत. विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलींत पाडव्याच्या शोभायात्रा सुरू झाल्या, त्यांचें अनुकरण गांवोगांव झालें आणि नऊवारी पुन्हा रस्त्यावर आलें. मात्र आतां तें बहुधा शिवलेलें, पायजम्यासारखें चढवावयाचें असतें. आजीस हें दाखविलें असतें तर तिनें कपाळास हात लाविला असता. पण ज्या मुलीस काष्टा घालावयास कोणी शिकविलें नाहीं, तिनें तरी काय करावें?

वस्त्राचें आयुष्य सणावर सुरू होतें तसें तें सणांनींच मोजलें जातें. दिवाळींत नवें, संक्रांतीस ठेवणींतलें, पुढच्या पावसाळ्यांत रोजचें, आणि अगदींच विटलें कीं रंगपंचमीस बाहेर काढावयाचें. तरीही तें संपत नाहीं. उन्हाळ्यांत शेतीचीं कामें थोडीं असतात, तेव्हां बायका जुन्या लुगड्यांचे थर रचून गोधड्या शिवतात. घट बसण्यापूर्वीं घरांतील यच्चयावत् गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची चाल खेड्यांत अजून आहे. पावसाळा सरलेला असतो, पाणी मुबलक असतें, आणि भाद्रपदाचें ऊन जाड गोधडी एका दिवसांत वाळवितें.

दिवाळीच्या सुटींत मीं सहावीच्या वर्गास एक काम दिलें होतें. घरांतील सर्वांत जुनें वस्त्र कोणतें, तें कोणत्या सणास घेतलें होतें आणि कोणीं विणलें, हें वडील माणसांस विचारून यावयाचें. जमल्यास वस्त्रच घेऊन यावयाचें. कोणीं शालू आणिला, कोणीं आजोबांचा फेटा आणिला. त्या मुलीनें गोधडी आणिली. दोघींनीं दोन टोकें धरून ती वर्गांत उलगडली. मुलींनीं त्यांतील रंग मोजावयास आरंभ केला आणि सतराव्या रंगाशीं त्यांचें भांडण जुंपलें. करडा त्यांत होताच. एका कोपऱ्यांत हातभर काळा तुकडा होता; तो तिच्या आजीच्या पहिल्या संक्रांतीच्या चंद्रकळेचा, असें तिनें सांगितलें. भोंवतालचे तांबडे-हिरवे तुकडे अजून घट्ट होते, काळा मात्र बोट लावतांच विरत होता.

‘‘सर, हाच कां आधीं फाटला?’’ तिनें विचारलें.

मीं खडू घेतला आणि फळ्यावर हिरडा, लोखंड आणि गंधक असे तीन शब्द लिहिले.